मीट लॉकरमधून घेतलेलं पाव जनावर: हार्मोनवालं आणि बिनहार्मोनचं बीफ खाऊन बघितल्यावर

मी मूळचा वसईचा. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि गेली सहा वर्षं नेब्रास्कात एका मोठ्या फीडलॉटवर (कापण्याआधी गुरांना खाऊ घालून वजन वाढवायची जागा) प्रोसेसिंगच्या टोळीत काम करतो. ट्रकमधून नवी वासरं उतरली की त्यांना एकेक करून खोड्यात घ्यायचं, लस टोचायची, जंताचं औषध द्यायचं, कानाला बिल्ला मारायचा आणि कानामागे हार्मोनची गोळी लावायची, हे माझं रोजचं काम. घरी खायला मात्र मी गोळी न लावलेल्या जनावराचं बीफ आणतो. ओमाहा-लिंकनकडच्या आपल्या ओळखीच्यांना हे कळल्यापासून फोन येतात. "म्हणजे त्यात काहीतरी वाईट असणारच ना? तू आतला माणूस, तूच खात नाहीस!" प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहितो. ज्यांच्याकडे बीफ चालतं त्यांच्यासाठीच हे आहे.

ज्या दुकानाबद्दल लिहितोय ते ग्रँड आयलंडच्या उत्तरेला, आमच्या घरापासून चाळीस मिनिटांवर एका लहान गावात आहे. अशा दुकानाला इथे लॉकर म्हणतात. घरोघरी फ्रीझर नव्हते तेव्हा लोक खाटकाच्या शीतगृहात कप्पा भाड्याने घेऊन आपलं मांस ठेवायचे, त्यावरून पडलेलं नाव. कप्पे गेले, नाव राहिलं. या लॉकरचं नाव मी लिहीत नाही, कारण मालकीणबाईंनीच तशी विनंती केली. आठवड्याला आठ जनावरं कापतात, नंबर लागायला सात महिने जातात, अजून गर्दी त्यांना झेपणार नाही. पण या राज्यात माणसांच्या तिप्पट गुरं आहेत आणि असे लॉकर गावोगाव आहेत. काय विचारायचं आणि कशाचे पैसे द्यायचे हे कळलं की तुमच्या जवळचा लॉकर तुम्हीच शोधाल.

तिथे किलोवर मांस मिळत नाही. अख्खं, अर्धं किंवा पाव जनावर आधी विकत घ्यायचं, मग ते आपल्यासाठी कापलं जातं. म्हणून प्रत्येक पाकिटावर "नॉट फॉर सेल" असा शिक्का असतो. तो बघून घाबरू नका. जनावर आधीच तुमच्या मालकीचं आहे आणि हे मांस पुढे विकता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. भाव टांगलेल्या धडाच्या वजनावर लागतो. आमच्या पाव हिश्श्याचं टांगलेलं वजन २०२ पौंड भरलं, म्हणजे साधारण ९२ किलो. हाडं, वरची चरबी आणि सुकून गेलेलं पाणी वजा जाता घरी १३० पौंड आलं. गोळी न लावलेल्या जनावराचा भाव कापणी-बांधणीसकट ५ डॉलर ४० सेंट पौंडाला, गोळीवाल्याचा ४ डॉलर ८०. पाव हिश्श्यामागे सुमारे १२० डॉलरचा फरक पडला. हे पैसे देण्यासारखे आहेत का, हाच सगळ्यांचा प्रश्न आहे.

आधी गोळीचं सांगतो, कारण हार्मोन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भलीमोठी सुई येते.

यंत्र पिस्तुलासारखं असतं. सुई कानाच्या मागच्या बाजूला, मधल्या भागात, कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये आडवी सरकवायची. चाप ओढत सुई मागे घेतली की बारीक गोळ्यांची रांग आत बसते. मग अंगठ्याने चाचपून रांग सलग लागली का ते बघायचं. कान शेणाने माखलेला असेल तर आधी घासून जंतुनाशकाने पुसायचा. नाहीतर गळू होतं, गोळ्या बाहेर पडतात आणि मेहनत वाया जाते. आमच्या टोळीत मी सगळ्यात सावकाश काम करतो असं मुकादम म्हणतो. पण माझ्या हातच्या कानांना गळू होत नाही, ही गोष्ट मला मोलाची वाटते. गोळ्या कानातच लावायच्या, कारण कत्तलखान्यात कान फेकला जातो, खाण्यात येत नाही.

गोळ्यांत असतं काय? नेहमीच्या वापरातली रेव्हॅलॉर-एस घ्या. तिच्यात १२० मिलिग्रॅम ट्रेनबोलोन अ‍ॅसिटेट असतं, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम हार्मोन, आणि २४ मिलिग्रॅम एस्ट्रॅडिओल. काही महिन्यांत ते झिरपत झिरपत रक्तात उतरतं. एस्ट्रॅडिओलमुळे मेंदूखालची पियुषिका ग्रंथी वाढीचं हार्मोन जास्त सोडते, त्यामुळे यकृतात आयजीएफ-१ नावाचं वाढीला लावणारं प्रथिन वाढतं. ट्रेनबोलोन थेट स्नायूंवर काम करतं. स्नायूंच्या तंतूंना चिकटून असलेल्या राखीव पेशी जाग्या होऊन तंतूंना मिळतात, आणि स्नायूंतल्या प्रथिनांची रोजची मोडतोड मंदावते. मोडतोडीचा हा मुद्दा लक्षात ठेवा, मांस ताटात आल्यावर तो परत येणार आहे. एकूण परिणाम असा की वजन दिवसाला १० ते २० टक्के जास्त वेगाने वाढतं, आणि तितक्याच वाढीला चारा ५ ते १५ टक्के कमी लागतो. काही डॉलरच्या गोळीने एवढं साधतं. म्हणूनच अमेरिकेतल्या बहुतेक फीडलॉटवर ती लागते.

गावाकडे खोंड खच्ची केलेला ज्यांनी बघितलाय त्यांना हे लवकर समजेल. वळूचं मांस काळपट, चरबीविना आणि चिवट, शिवाय वळू एकमेकांना मारतात. म्हणून इथे गोऱ्हे लहानपणीच खच्ची करतात. त्याबरोबर अंगातलं टेस्टोस्टेरॉन जातं. मांस मऊ होतं, चरबी धरते, पण वाढ मंदावते. गोळी त्या गेलेल्यातलं थोडं परत देते. कालवडींचं वेगळं असतं. त्या माजावर आल्या की चारा सोडून एकमेकींवर चढतात आणि वजन घटतं, म्हणून त्यांच्या खाद्यात एमजीए नावाचं हार्मोन घालतात. त्याने माज थांबतो.

माझ्या बायकोला यातलं सगळं माहीत होतं, तरी आमची मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा तिनेच विषय काढला. "तू कानात लावतोस ते हिच्या पोटात किती जातं, ते मला आकड्यात सांग." बरोबर प्रश्न होता. इथल्या विद्यापीठांच्या विस्तार विभागांच्या पत्रकांत आकडे असतात. ८५ ग्रॅम बीफमध्ये इस्ट्रोजेन गोळीवाल्या जनावराचं सुमारे १.९ नॅनोग्रॅम, बिनगोळीवाल्याचं १.३. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. एका गर्भनिरोधक गोळीत हजारो नॅनोग्रॅम असतं. म्हणजे फरक आहे, पण तो फार लहान आहे, आणि बिनगोळीवाल्या मांसातही इस्ट्रोजेन असतंच, कारण ते प्रत्येक जनावराच्या अंगात असतं.

तरीही तिची भीती मी उडवून लावली नाही, कारण या भीतीला खरा इतिहास आहे. १९५४ मध्ये अमेरिकेने गुरांच्या खाद्यात डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन घालायला परवानगी दिली. तेच औषध तेव्हा गरोदर बायकांनाही दिलं जात होतं. १९७१ मध्ये कळलं की त्या बायकांच्या मुलींना तरुणपणी एक दुर्मीळ कर्करोग होतोय. गुरांमधला वापर बंद व्हायला १९७९ उजाडलं. आजची हार्मोनं वेगळी आहेत, मात्रा वेगळी आहे, पण लोकांचा विश्वास एकदा असा मोडलाय. युरोपने तर १९८९ पासून हार्मोन दिलेल्या गुरांचं मांस आत घेणंच बंद केलं. त्यावरून अमेरिका आणि कॅनडाने जागतिक व्यापार संघटनेत त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडण केलं. युरोपचे शास्त्रज्ञ वयात न आलेल्या मुलांबद्दल जास्त सावध आहेत, अमेरिकेची एफडीए, म्हणजे अन्न-औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, म्हणते राहिलेला अंश धोक्याच्या खूप खाली आहे. मला एफडीएचं म्हणणं पटतं आणि पाहुण्यांकडे गोळीवालं बीफ मी निर्धास्त खातो. पण घरातल्या लहान मुलीसाठी आईला सावध राहायचं असेल, आणि त्याची किंमत वर्षाला १२० डॉलर असेल, तर मी त्यावर वाद घालणार नाही. पहिलं पाव जनावर आम्ही या कारणाने घेतलं.

पुढे घेत राहिलो ते चवीसाठी.

या लॉकरला माझ्या लेखी सगळ्यात जास्त गुण आहेत ते खरेपणाचे. मी विचारलं, "गोळी लावलेली नाही हे कशावरून?" मालकीणबाईंनी रँचरचा, म्हणजे गुरं पाळणाऱ्याचा, सही केलेला कागद समोर ठेवला. वासरू जन्मल्याची तारीख, बिल्ल्याचा नंबर, दिलेल्या लसी, आणि हार्मोन दिलं नसल्याचं लिहून दिलेलं. मग म्हणाल्या, "मंगळवारी कापणी आहे, ये आणि कान बघ." मी गेलो. कातडी उतरवण्याआधी दोन्ही कान अंगठ्याने मुळापासून टोकापर्यंत चाचपले. गाठ नाही, व्रण नाही. त्याच दिवशी कापलेल्या दुसऱ्या जनावराच्या कानात मात्र रांगेचा बारीक उंचवटा बोटाला लागला. जुनी गोळी पूर्ण विरघळून गेलेली असू शकते, तेव्हा नुसता कान हा पुरावा धरता येत नाही. पण ज्या दुकानात गिऱ्हाइकाला कान बघायला बोलावतात, तिथल्या कागदावर माझा विश्वास बसतो. ऑस्ट्रेलियात तर हार्मोन दिलेल्या जनावराच्या कानाला त्रिकोणी भोक पाडावं लागतं, लांबूनच कळावं म्हणून. इथे तशी खूण नाही. इथे सगळं कागदावर आणि माणसावर आहे.

जाता जाता एक सांगतो, कारण हे दर दुसऱ्या फोनवर येतं. चिकनच्या पाकिटावर "नो हार्मोन्स" लिहिलंय म्हणून दोन डॉलर जास्त देऊ नका. कोंबडी आणि डुक्कर वाढवायला हार्मोन वापरायला या देशात परवानगीच नाही. त्याच पाकिटावर बारीक अक्षरात ते लिहिलेलंही असतं. बीफवर मात्र या शब्दांना अर्थ आहे.

आता चव. गेल्या वर्षी लॉकरने मला नाराज केलं. बुकिंग करताना धड चौदा दिवस टांगून ठेवू असं ठरलं होतं. शिकारीचा मोसम आला, हरणांनी कूलर भरला आणि आमचं जनावर सातव्या दिवशीच कापून टाकलं. मी चिडलो आणि ते बोलून दाखवलं. मालकीणबाईंनी चूक मान्य केली, कापणीचे पैसे कमी केले आणि रिबआयचा (बरगड्यांजवळचं मऊ मांस) एक अख्खा तुकडा निर्वात पिशवीत भरून दिला. म्हणाल्या, फ्रीजमध्ये आणखी दोन आठवडे ठेव. योगायोगाने माझ्या फीडलॉटवरच्या एका मित्राने त्याच आठवड्यात, त्याच रँचरच्या गोळीवाल्या जनावराचा पाव हिस्सा घेतला होता. दोन्ही काळ्या अँगस जातीचे संकर, दोन्ही खच्ची, वय जवळजवळ सारखं. त्याचं अख्खं धड आमच्यापेक्षा साठ पौंडांनी जड होतं. त्याच्याकडूनही मी रिबआयचा तसाच तुकडा मागून घेतला.

कापलेल्या बाजूने बघितलं तरी फरक दिसत होता. त्याच्या रिबआयचा गोल मोठा, लालभडक आणि सपाट. आमचा लहान, पण आत चरबीच्या पांढऱ्या रेषा जाळीसारख्या पसरलेल्या. इथल्या सरकारी प्रतवारीत प्राइम, चॉइस, सिलेक्ट हे दर्जे मुख्यतः याच रेषा बघून देतात. हार्मोनमुळे जनावराने खाल्लेला चारा स्नायूकडे जास्त आणि चरबीकडे कमी जातो. तेवढीच चरबी धरायला गोळीवाल्या जनावराला तीस-चाळीस किलो जास्त वजनापर्यंत न्यावं लागतं. आधीच कापलं तर मांस भरपूर, पण रेषा कमी.

सात दिवसांचे दोन तुकडे बिडाच्या तव्यावर, फक्त मीठ लावून, सारख्या वेळात भाजले. कुठला कुठला ते फक्त मला ठाऊक होतं. बायकोने पहिल्याच घासाला ओळखलं. गोळीवाला तुकडा दाताखाली अडत होता. चव वाईट नव्हती, पण चावावं लागत होतं, आणि मुलीने अर्धा ताटात ठेवला. आमचा तुकडा सात दिवसांचाच, तरी सुरी सहज गेली.

दोन आठवड्यांनी, मांस एकवीस दिवसांचं झाल्यावर, हेच परत केलं. या वेळी बायकोचा अंदाज चुकला. मुलीने दोन्ही संपवले. मला स्वतःला चरबीच्या गोडव्यात फरक जाणवला, मऊपणात जवळजवळ नाही.

यामागचं कारण मला वाटतं ते असं. जनावर मेल्यावर स्नायूतली कॅल्पेन नावाची विकरं तंतू हळूहळू कापत राहतात, म्हणून टांगलेलं मांस मऊ होतं. हार्मोनने जिवंतपणी प्रथिनांची मोडतोड मंदावते हे वर सांगितलं. तीच मंद चाल मेल्यानंतरही थोडी उरत असावी, म्हणून या मांसाला मऊ व्हायला वेळ जास्त लागतो. दिवस दिले की ते बरंचसं भरून काढतं. ऑस्ट्रेलियात मीट स्टँडर्ड्स या मांसाच्या प्रतवारीच्या हिशेबात प्रत्येक तुकड्याचे गुण काढताना हार्मोन दिलं होतं का आणि किती दिवस मुरवलं, या दोन्ही गोष्टी धरतात, ते मला शहाणपणाचं वाटतं. दोन जनावरांवरून शास्त्र ठरत नाही हे मी जाणतो, पण फीडलॉटवर इतकी वर्षं जे ऐकत आलो ते त्या दिवशी माझ्या ताटात दिसलं.

आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यात काय, कच्ची पपई लावायची." तिचं खरं आहे. वसईत आता रेड्याचंच मिळतं, २०१५ पासून बैल कापायलाही बंदी आली. रेडा बहुतेक काम करून म्हातारा झालेला असतो. तिथे हार्मोनचा प्रश्नच येत नाही, चिवटपणा वयाचा असतो. पपईतलं पपेन तेच काम तासाभरात करतं ज्याला कॅल्पेनला तीन आठवडे लागतात.

आणि इथेच आपल्या लोकांना माझं सांगणं आहे. तुम्ही बीफ मुख्यतः कालवणात, खिम्यात किंवा इंद्यालमध्ये (आमच्याकडचं आंबट-तिखट कालवण) करत असाल तर बिनगोळीवाल्यासाठी चवीच्या नावाखाली जास्त पैसे देऊ नका. मित्राच्या हिश्श्यातल्या नळ्या आणि आमच्या नळ्या आम्ही एकाच रविवारी बाटली मसाल्यात, म्हणजे आमच्या वसईकडच्या घरगुती मसाल्यात, रांधल्या. तीन तास मंद शिजल्यावर कुणालाही काही ओळखता आलं नाही, आणि फुग्यांबरोबर (आमच्याकडचे तळलेले गोल पाव) दोन्ही पातेली रिकामी झाली. तव्यावरचा किंवा शेगडीवरचा तुकडा आवडत असेल तर मात्र पैसे मोजा, पण बुकिंग करतानाच निदान चौदा दिवस टांगण्याचं कागदावर लिहून घ्या. माझ्यासारखं तोंडी ठरवू नका. गोळीवालं एकवीस दिवसांचं आणि बिनगोळीवालं सात दिवसांचं यातून निवडायचं झालं तर मी पहिलं घेईन.

लॉकरच्या बाकीच्या गोष्टी. कापणीच्या फॉर्मवर सगळं विचारतात: स्टेक किती जाड, पाकिटात किती, खिम्यात चरबी किती. हाडांसह तुकडे हवेत म्हटल्यावर पहिल्या वर्षी काउंटरवरची मुलगी गोंधळली होती. मी कागदावर चित्र काढून दाखवलं, आता फाइलमध्ये ते चित्र लावून ठेवलंय. जीभ, शेपूट, काळीज मागितलं तर फुकट मिळतं, कारण बाकीचे लोक सोडून जातात. ते आधी सांगितलं नाही तर कचऱ्यात जातं, म्हणून बुकिंगलाच सांगा. खिमा दोन-दोन पौंडांच्या नळकांड्यांत बांधतात, आमच्या तिघांच्या घराला ते जास्त होतं. एक पौंडाचं मागा, बांधणीचे थोडे पैसे वाढतात. पाकिटांवर "रोस्ट" एवढंच छापतात, खांद्याचं की मांडीचं ते कळत नाही, हे त्यांनी सुधारायला हवं. शनिवारी बारा वाजता दार बंद. फ्रीझर सात घनफुटांचा तरी हवा. आणि गाडीत बर्फाचे डबे न्यायला विसरू नका, जुलैत चाळीस मिनिटंही जास्त होतात.

पुढचा पाव हिस्सा आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचा धरलाय, हरणांच्या आधीचा. फॉर्मवर या वेळी बायकोने स्वतःच्या हाताने लिहिलं: एकवीस दिवस, नळ्या आडव्या कापून, जीभ अख्खी.